बालकांच्या अंगणी गेलेली शाळा : श्रीमती ताराबाई मोडक ह्यांचे चरित्र



महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची व धर्मप्रसारकांची चरित्रे यावीत हे साहजिक आहे. तथापि ज्या बाईंचे चरित्र आज मी आपणांपुढे ठेवीत आहे, त्या ख्रिस्ती नव्हत्या. प्रार्थना समाजाच्या वातावरणात त्या वाढल्या होत्या. आपल्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात त्यांनी एखादी संस्था काढली होती, असेही नाही. तरी हे चरित्र ह्या पुस्तिकेत शोभेल, असे मला वाटते. त्यांच्या उत्तर आयुष्यातील कार्य त्या काळच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आपल्या पाड्यांवरील लोकांसारख्याच आदिवासी लोकांत झाले. आणि जे बीज त्यांनी तेथे पेरले, ते प्रथम रोम शहरात एका कॅथोलिक विदुषीच्या हातून रुजले होते. शिवाय त्यांनी आपल्या कृतीने समाजापुढे जो प्रश्न ठेवला, त्याचे उत्तर आपल्या ह्या धर्मग्रामास अद्याप द्यावयाचे आहे. बालकाने शाळेकडे यावे, की शाळेने बालकाकडे जावे, हा तो प्रश्न होय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. ज्या वर्षी त्या जन्मल्या, त्याच वर्षी आपल्या शहापूर तालुक्यातील तानसेचे धरण पुरे होऊन तेथील पाणी मुंबईकरांच्या घरी जाऊ लागले. पुढे वैतरणा आली, भातसा आली. आपल्या डोंगरांतील पाणी शहराने घेतले. त्याच्या मोबदल्यात शहराने आपल्या पाड्यांना काय दिले, ह्याचा हिशेब करू गेल्यास जमेची बाजू फारशी भरत नाही. त्या तोकड्या जमेत ज्या थोड्या व्यक्तींची नावे आदराने लिहावी लागतील, त्यांत ताराबाई ह्या एक होत.

त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींना शिकविणे हे त्या काळी पुष्कळ घरांत पाप गणले जाई. परंतु केळकरांच्या घरी ते कर्तव्य मानले जात होते. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला नाही, व १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पदरी एक लहान मुलगी, एकटी स्त्री, आणि भोवती बोट दाखविणारा समाज, अशा स्थितीत पुष्कळांचे धैर्य खचते. ताराबाईंनी मात्र राजकोट येथील मुलींच्या अध्यापनशाळेच्या प्रमुखपदाची नोकरी पत्करली व आपल्या पायांवर त्या उभ्या राहिल्या. तेथे मान होता, वेतनही चांगले होते. परंतु शिक्षिका तयार करीत असता बालकांना खरोखर शिकवावे कसे, ही विवंचना त्यांच्या मनास लागून राहिली.

त्या वेळच्या प्राथमिक शाळा कशा होत्या, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊकच आहे. पंतोजींनी सांगावे व मुलांनी घोकावे. चुकल्यास छडी खावी, न चुकल्यास पुढचा धडा घोकावा. मुलाने प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जाई. अशा काळात सौराष्ट्रातील भावनगर येथे दक्षिणामूर्ती नावाच्या संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० मध्ये एक बालमंदिर उघडले होते. गिजुभाई मूळचे वकील. पूर्व आफ्रिकेतही काही काळ राहून आलेले. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली व ते लहान मुलांत जाऊन बसले. भरघोस मिशा असलेल्या ह्या गृहस्थास गुजरातेतील लोक प्रेमाने मिशाळ आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, आणि तरीही मुले तासन् तास आपापल्या कामात मग्न असत. ताराबाईंनी हे पाहिले, आणि राजकोटची प्रतिष्ठेची जागा सोडून त्या भावनगरास गिजुभाईंच्या सहकारी म्हणून दाखल झाल्या. आपल्या लेकीसही त्यांनी त्याच बालमंदिरात घातले.

गिजुभाईंना ही दृष्टी आली कोठून? येथे आपणांस क्षणभर रोमकडे वळावयास हवे. डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या १८७० मध्ये इटली देशातील किआरावाल्ले ह्या गावी जन्मल्या. १८९६ मध्ये त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. त्या देशातील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक. ज्या मुलांना लोक मंदबुद्धी म्हणून टाकून देत, त्यांच्यावर त्यांनी प्रथम काम केले, व इतार आणि सेगाँ ह्या दोन फ्रेंच वैद्यांनी पूर्वी योजलेली साधने वापरून पाहिली. ती मुले शिकली. तेव्हा ह्या मुलांना जर हे साधते, तर धडधाकट मुलांचे आपण शाळांत काय करून ठेविले आहे, असा विचार त्यांच्या मनात आला.

पुढे रोमच्या सान लोरेंझो ह्या मजुरांच्या वस्तीत एक प्रसंग आला. तेथील चाळींत आईबाप दिवसभर कामावर जात, व मागे राहिलेली पन्नास-साठ मुले जिन्यांत धुडगूस घालून भिंती खराब करीत. चाळमालकांना भिंतींची काळजी होती. मुलांना कोठेतरी अडकवून ठेवा, एवढेच त्यांचे मागणे. ह्या बाईंनी ते काम स्वीकारले व ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. तो दिवस प्रभुप्रकटीकरणाचा, म्हणजे आपण ज्यास तीन राजांचा सण म्हणतो, त्याचा होता. पूर्वेकडील ते ज्ञानी पुरुष परदेशी होते, आणि नवा राजा कोठे जन्मला, असा प्रश्न विचारीत ते यरुशलेमेत आले होते. विचारीत विचारीतच ते गोठ्यापर्यंत पोहोचले. ज्यांच्यापाशी उत्तरे होती, ते शास्त्री राजवाड्यातच बसून राहिले. बालकांच्या प्रश्नांस मान देणाऱ्या शाळेचा आरंभ ह्या सणाच्या दिवशी व्हावा, ह्यात मला तरी परमेश्वरी योजना दिसते.

ह्या पद्धतीचे मर्म थोडक्यात असे आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल हातांनी विचार करते. त्याच्या हाती योग्य वस्तू दिली की ते ती उलटते, मोजते, जुळविते, आणि स्वतःची चूक स्वतःच शोधून काढते. दहा ठोकळ्यांचा मनोरा रचताना मोठा ठोकळा वर ठेविला तर मनोरा डळमळतो. तेथे बाईंनी ओरडण्याची गरज राहत नाही. शिक्षिकेने मुलाचे निरीक्षण करावे, त्याच्यासाठी वस्तू मांडून ठेवाव्या, व मग दूर व्हावे. ह्यास पुष्कळ लोक लाड समजतात. वास्तविक हे फार कठीण व्रत आहे, कारण उत्तर ठाऊक असूनही ते न सांगता थांबणे मोठ्या माणसास सहसा जमत नाही.

भावनगरच्या आठ-नऊ वर्षांच्या वास्तव्यात ताराबाईंनी हे व्रत अंगी बाणविले. १९२६ मध्ये गिजुभाई व त्या ह्यांच्या प्रयत्नाने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षणाचा विचार घरोघर जावा म्हणून शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत चालू होते. १९३३ पासून ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती चालविली. मुंबईस परतल्यावर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार उभारला. तेथे बालमंदिर होते व शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिरही होते. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले आणि संघाचा भार मुख्यतः ताराबाईंच्या खांद्यांवर आला.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या. अड्यार येथे काही महिने अध्यापनवर्ग चालवून परत जावे, असा त्यांचा बेत होता. परंतु १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने ही सत्तरीस आलेली विदुषी शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली. त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली, व त्यांचे पुत्र मारिओ ह्यांना आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने मारिओंना मुक्त केले. युद्ध संपेपर्यंत बाई ह्याच देशात राहिल्या; कोडाईकनालच्या डोंगरात त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार पुढे नेला. सूर्य, माती, पाणी, झाड, प्राणी व मनुष्य ही एकाच सृष्टीची एकमेकांवर अवलंबून असलेली अंगे आहेत, व जगातील सर्व माणसे एकमेकांच्या श्रमावर जगतात, हे मुलास लहानपणीच उमगावे, असा त्या विचाराचा गाभा होता. जगात शांतता नांदावयाची असेल तर तिचा पाया बालशाळेत घालावा लागेल, हे त्या युद्धापूर्वीपासून जिनिव्हा, कोपनहेगन इत्यादी ठिकाणी सांगत आल्या होत्या. १९५२ मध्ये हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले व तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

आता पुन्हा ताराबाईंकडे येऊ. दादरचा शिशुविहार नावारूपास आला होता. परंतु तेथे येणारी मुले पोटभर जेवलेली, धुतलेले कपडे घातलेली, मध्यम वर्गातील होती. माँटेसरीबाईंनी आरंभ केला होता तो मजुरांच्या मुलांपासून. ती पद्धती हिंदुस्थानात मात्र खाऊनपिऊन सुखी लोकांच्या पदरी पडली. साधने महाग, ती ठराविकच हवीत, शिक्षिकाही खास परीक्षा दिलेली हवी. मग खेड्यातील मुलांनी काय करावे? गांधीजींच्या विचारांनीही ही टोचणी तीव्र केली. अखेर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ज्या वयात माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात ताराबाईंनी शहर सोडले, व १९४५ च्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली.

त्या प्रदेशात ते वर्ष मोठ्या खळबळीचे होते. वारली लोक सावकार व जमीनदारांच्या शेतांवर पिढ्यान् पिढ्या वेठीने राबत. लग्नापुरते कर्ज काढणारा गडी जन्माचा बांधला जाई. जानेवारी १९४५ मध्ये आपल्याजवळच्या टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले, त्यास वारली लोकही गेले, आणि पुढे गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारपणाखाली वेठीविरुद्धचा लढा पेटला. ताराबाईंचा मार्ग निराळा होता. तथापि ज्या घरांत त्या गेल्या, तेथील दारिद्र्य व भय हेच होते. मोठ्यांनी धन्याला प्रश्न विचारावयास नुकताच आरंभ केला होता. त्यांच्या लहानग्यांना सृष्टीस प्रश्न विचारू द्यावेत, हे काम ताराबाईंनी पत्करले.

ह्या कार्यात त्यांना अनुताई वाघ ह्यांची जोड मिळाली. अनुताईंचा जन्म १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह व थोड्याच महिन्यांत वैधव्य, असे त्यांचे नशीब. परंतु शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये त्यांची व ताराबाईंची भेट झाली व त्या बोर्डीस आल्या, त्या जन्मभर त्याच कामाच्या झाल्या. एक संसारातून बाहेर पडलेली व दुसरीचा संसार मांडण्यापूर्वीच मोडलेला, अशा दोन स्त्रियांनी शेकडो मुलांची आई व्हावे, ही गोष्ट आपल्या धर्मभगिनींचे जीवन जवळून पाहणाऱ्या वाचकांना विशेष रीतीने कळेल.

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. आईबाप पहाटेच कामावर जात; मोठी बहीण धाकट्यास कडेवर घेऊन घर राखी; अंगावर वस्त्र नाही म्हणून मुले लाजत; आणि गावातील मंडळीही वारल्यांच्या व हरिजनांच्या मुलांशेजारी आपली मुले बसविण्यास नाखूश असत. दुसरा कोणी असता तर ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा मारून स्वस्थ बसला असता. तो शेरा आपणही आपल्या तालुक्यांत पुष्कळदा ऐकतो. ताराबाईंनी तो मारला नाही. मुले येत नाहीत, तर आपण जाऊ, असे त्यांनी ठरविले.

शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीपुढील अंगण झाडावे, मुलांची तोंडे धुवावी, केस विंचरावे, आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ ह्यांस आरंभ करावा. वेळही मुलांच्या सोयीची. आई उंबऱ्यात उभी राहून पाही व हळूहळू तिची भीती मोडे. ह्या शाळेस त्यांनी अंगणबालवाडी हे नाव दिले. इमारत नाही, घंटा नाही, पाटी रंगवून लावलेली नाही. परंतु शाळेचा प्राण तेथे होता.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. समुद्रकाठी शिंपले होते, ओढ्यात गोटे होते, रानात बिया, पाने, फुले, बांबू होते. लहानमोठ्या गोट्यांची रांग लावणे म्हणजे आकारमानाचा धडा. बियांचे दहा दहांचे ढीग म्हणजे गणिताचा. पानांच्या कडा बोटाने चाचपून पाहणे म्हणजे निसर्गाचा. परदेशी ठोकळ्यांची नक्कल करण्याऐवजी त्या ठोकळ्यांमागील हेतू ताराबाईंनी उचलला. अशा शाळेत मूल प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. हे बी पाण्यात बुडते, ते तरंगते, असे का? खेकडा आडवा का चालतो? बाईंनी उत्तर सांगून मोकळे होऊ नये. चल, पाहू या, असे म्हणून मुलाबरोबर ओढ्यावर जावे. पाड्यावरील मुलास किती झाडांची, पाखरांची व माशांची ओळख असते! जुन्या शाळेत पाऊल टाकताच ते अडाणी ठरे. ताराबाईंच्या शाळेत ते जाणते ठरू लागले.

१९५६-५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीच्या अगदी मध्यभागी गेले. तेथे विकासवाडी उभी राहिली. तान्ह्या मुलांचे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणण्याची ती योजना होती. ह्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर एक वर्षाचा भाऊ असतो. भावासाठी पाळणा शाळेतच टांगला, की बहिणीचे हात पाटीपेन्सिलीस मोकळे होतात. जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरांमागे मुले, मुलांमागे शिक्षक, आणि माळावरील झाडाखाली वर्ग. दिवसा ज्यांना सवड नाही, त्यांच्यासाठी रात्री शाळा. मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हे सूत्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. ही तारीख माँटेसरीबाईंच्या जन्मदिवसाचीच होय. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे, १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, कोसबाडचा दिवा तेवत ठेविला. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि आज देशभर गावोगाव ज्या अंगणवाड्या दिसतात, त्यांच्या नावात बोर्डीच्या त्या अंगणाची आठवण आहे.

तथापि चरित्र सांगताना गौरवच गावा व उणे झाकावे, हे योग्य नव्हे. ताराबाईंच्या कार्याने त्या भागातील दारिद्र्य गेले नाही, व ते जावे एवढे बळ कोणा एका शाळेत नसते. त्यांची पद्धती दुसरीकडे नेण्यास त्यांच्यासारख्याच जीव ओतणाऱ्या शिक्षिका लागत, आणि त्या हुकुमाने निर्माण होत नाहीत. अंगणवाडी देशभर पसरली खरी. परंतु पुष्कळ ठिकाणी तिच्यात खिचडी उरली व प्रश्न हरपला. खिचडीस मी कमी लेखीत नाही. उपाशी मूल काय विचारणार? पण पोट भरल्यावर त्याच्या मनापुढे काय वाढले जाते, हे पाहणे आपले काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांस खेळातून व शोधातून शिकवावे, असे आता सांगितले आहे. ताराबाईंनी ते पाऊणशे वर्षांपूर्वी शिंपल्यांनी करून दाखविले होते.

आता आपल्या परिसराकडे पाहू. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन डहाणू पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले. परंतु पाड्यांचे जीवन नकाशाने बदलत नाही. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत आपल्या दोन तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली ह्यांची वस्ती आहे. भात झोडून झाला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, व पावसाच्या तोंडावर परततात. सहा सहा महिने मूल शाळेच्या पटावर असते, आणि प्रत्यक्षात मातीच्या ढिगाऱ्यावर असते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. परंतु हक्क शाळेच्या भिंतीत बसून राहिला व मूल भट्टीवर गेले, तर त्या हक्काचा उपयोग काय? विधायक संसद ह्या संस्थेने आपल्याच भागातील वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे मजुराची तात्पुरती खोप. कुरणशाळेची ती धाकटी बहीणच म्हणावयाची. मूल भट्टीवर गेले, तर शाळेनेही भट्टीवर जावे!

धर्माच्या दृष्टीने ह्या गोष्टीचा विचार केल्यास मला संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहिला. मातापित्यांनी तीन दिवस शोध केल्यावर तो गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचे ऐकताना व त्यांना प्रश्न विचारताना सापडला. देवपुत्राचे बालपण शुभवर्तमानात फार थोडे आले आहे. त्या थोडक्यात हा प्रसंग आला आहे, आणि त्यात तो प्रश्न विचारणारा बालक आहे. त्या गुरुजनांनी त्यास गप्प बसविले नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत मात्र बहुधा प्रश्नही छापलेला व उत्तरही छापलेले असते. पाठ करणे वाईट नव्हे. प्रार्थना व श्रद्धेची सत्ये मुखोद्गत असावीतच. परंतु बालकाच्या मनातून उगवलेल्या प्रश्नास त्या वर्गात एखादे आसन रिकामे ठेवावयास हवे. आजी मेली ती कोठे गेली, देवाला मराठी कळते की ठाकरी, असे विचारणाऱ्या मुलास जो हसून गप्प करतो, तो त्याच्या श्रद्धेचा कोंब खुडतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आजकाल नाशिकच्या हमरस्त्यापासून आडगावापर्यंत शाळांच्या पाट्यांवर इंटरनॅशनल हा शब्द झळकू लागला आहे, व आपल्यातील पुष्कळ आईबाप पोटास चिमटा घेऊन तेथे शुल्क भरतात. मुलाने जग पाहावे ही इच्छा चांगलीच आहे. मात्र जग पाटीवर नसते. फ्रान्सच्या वैद्यांनी लावलेला शोध, रोमच्या एका कॅथोलिक बाईने मजुरांच्या मुलांत वाढविला. तो भावनगरच्या एका वकिलाने उचलला, मुंबईच्या प्रार्थना समाजी कन्येने मराठीत आणला, आणि अखेर तो वारल्यांच्या अंगणात शिंपल्यांच्या रूपाने पोहोचला. ह्याहून अधिक आंतरराष्ट्रीय शाळा मला ठाऊक नाही. आणि तीत परदेशी असे काहीच नव्हते. मूल आपल्या ओढ्यास नीट प्रश्न विचारू लागले, की हे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे शोधता शोधता ते तानसेपाशी, मुंबईपाशी, समुद्रापाशी व समुद्रापलीकडील माणसांपाशी पोहोचतेच. ख्रिस्तसभा सर्व राष्ट्रांची आहे, हे आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात म्हणतो. कॅथोलिक ह्या शब्दाचा अर्थच तो आहे. मग आपल्या शेजारच्या पाड्यावरील मूल त्या सर्वांत येते की नाही?

महोत्सवाच्या वर्षी काहीतरी स्मारक उभारावे, असे प्रत्येकास वाटते. कमान बांधावी, घंटा आणावी, वेदीस संगमरवर बसवावा, अशा सूचना येतात, व त्या भक्तीपोटीच येतात. ह्या चरित्राच्या निमित्ताने माझी विनंती एवढीच आहे की, त्या सूचनांत एका अंगणाचीही भर पडावी. ज्या घरी शिकलेली सून किंवा लेक आहे, तिने आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या पाड्यावर जावे. बरोबर पुस्तक नसले तरी चालेल, चिंचोके व गोटे तेथे आहेतच. तिने तेथे मुलांस धर्मांतराच्या हेतूने बोलावू नये, की उपकाराच्या तोऱ्याने शिकवू नये. बसावे, ऐकावे, व मुलांना विचारू द्यावे. ज्यांची मुले भट्टीवर जातात, त्या कुटुंबांची नोंद आपल्या धर्मग्राममंडळाने दिवाळीपूर्वी करावी, व ती मुले जेथे जातील तेथील शाळेत त्यांना बसविण्याची खटपट करावी. ह्या कामास पैसा थोडा लागतो. पाय मात्र पुष्कळ लागतात.

ताराबाई आपल्या देवळात कधी प्रार्थनेस बसल्या नाहीत. परंतु ज्या प्रभूने एका बालकास शिष्यांच्या मध्ये उभे केले व त्याचा स्वीकार तो आपलाच स्वीकार मानला, त्याच्या दारी त्या अनोळखी ठरल्या असतील, असे मला वाटत नाही. तोच दयाघन प्रभू आपल्या धर्मग्रामातील मातापित्यांना, शिक्षकांना व आम्हां धर्मगुरूंना बालकांचे प्रश्न ऐकण्याचे धैर्य देवो, आणि पवित्र मारिया, जिने आपल्या पुत्रास प्रश्न विचारताना पाहिले व त्या सर्व गोष्टी अंतःकरणात जतन केल्या, ती आपल्या पाड्यापाड्यांवरील लेकरांवर आपली छाया ठेवो.